नाव बदललेल्या फाइलचा इतिहास

गिट या कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात फाइलचे नाव बदलल्यावर 'गिट लॉग'मध्ये (बदलांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेत) त्या फाइलच्या जुन्या नोंदी दिसत नाहीत, अशी एक तक्रार असते. पण त्या नोंदी पुसल्या गेलेल्या नाहीत. गिट प्रत्येक कमिटला (म्हणजे बदलांची नोंद जतन करताना) संपूर्ण प्रकल्पाची स्थिती साठवते, नामांतराची वेगळी नोंद ठेवतच नाही, आणि इतिहास दाखवताना दोन फाइलींतला मजकूर निदान 50 टक्के जुळला तरच नाव बदलले असावे, असा अंदाज बांधते. नामांतराआधीच्या नोंदी पाहण्यासाठी 'लॉग'ला 'फॉलो' (--follow) हा पर्याय जोडावा लागतो, आणि तो एका वेळी एकाच फाइलपुरता चालतो. नामांतर आणि मजकुराची मोठी उलथापालथ एकाच कमिटमध्ये उरकली असेल (आणि असे उत्साही सहकारी सर्वत्र असतात), तर मात्र हा अंदाज चुकतो. फाइलमधून पुसलेली ओळ 'ब्लेम'मध्ये (प्रत्येक ओळ कोणी, कधी बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेत) सहसा सापडत नाही. तिच्यासाठी 'लॉग'ला कॅपिटल 'एस' हा पर्याय (-S) आणि त्या ओळीतला मजकूर द्यावा.