परसातल्या कोंबड्यांची टोचाटोची : जखम कुठे, कारण काय (अनुभव धागा)

परसात दहा-पंधरा कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी हा धागा. तुरा रक्ताळलेली, शेपूट उपटलेली, कोपऱ्यात अंग चोरून बसलेली कोंबडी दिसली की काय बघायचं आणि काय करायचं, ते लिहा. विनंती एकच : 'आमची एक फार मारकी आहे' एवढ्यावर थांबू नका. जखम नेमकी कुठे, पक्षी किती, जागा किती, खायला काय, हे आलं तरच दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. पाच हजार पक्ष्यांच्या शेडचे हिशेब इथे नकोत.

परसदार, गुहागर

जखमेच्या जागेपासूनच सुरू करतो, कारण निम्मं निदान तिथेच होतं.

टोचणं दोन तऱ्हेचं. एक पायरीचं. कळपात वर कोण, खाली कोण हे ठरलेलं असतं. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला हे पहिल्यांदा नीट मांडलं. हा टोला डोक्यावर किंवा तुऱ्यावर बसतो, झटकन बसतो, खालची कोंबडी कलकलाट करून बाजूला होते आणि विषय संपतो. यात आपण पडायचं नाही. दुसरं टोचणं गुपचूप चालतं. एक कोंबडी दुसरीच्या मागे शांत उभी राहते, शेपटीच्या बुडाशी पीस धरते, उपटते आणि खाते. याचा भांडणाशी संबंध नाही. खाणं, गर्दी, रिकामपण, उवा यांतलं काहीतरी बिघडलेलं असतं.

तुरा आणि डोकं : नवे पक्षी किंवा कोंबडे. मानेची मागची बाजू आणि पाठ उघडी, पण रक्त नाही : कोंबडा चढतो त्याची खूण. शेपटीचं बूड : पिसं खाणं. अंडं बाहेर पडतं ती अंगावरची जागा : सगळ्यात धोक्याचं, त्यावर खाली कोणीतरी सविस्तर लिहा. पिल्लांची बोटं : ब्रूडरमधली (पिल्लांना ऊब देऊन वाढवायच्या जागेतली) गडबड. नुसतं पोट उघडं असेल तर ती बहुधा खुडूक (अंडी उबवायला बसलेली) आहे, तिने स्वतःच पिसं काढलीत.

आणि पावसाळ्यात तुऱ्यावर काळ्या, चामखिळीसारख्या खपल्या दिसल्या तर ती मारामारी समजू नका. डासांमुळे पसरणारा कोंबड्यांचा देवीचा रोग असतो तो. त्यावर मलम चोळून बसण्यापेक्षा पशुवैद्यकांना दाखवा.

चारापाणी, वाळवा

पिसं खाणाऱ्या कळपाला काय घालता असं विचारलं की उत्तर ठरलेलं : कणी, मका, उरलेला भात, भाकरीचे तुकडे. हे सगळं पोट भरणारं. मक्यात प्रथिनं साधारण ९ टक्के, कणीत त्याहूनही कमी. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के लागतात. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, मग ती दुसरीच्या अंगावरून ते घेते. पावसाळा सरता सरता पिसं झडून नवी येतात तेव्हा ही ओढ आणखी वाढते. कोवळ्या पिसाच्या देठात रक्त असतं, तेच टोचायला सोपं आणि चवीला चांगलं.

घरी दहा किलो मिश्रण करायचं तर : मक्याचा भरडा साडेपाच किलो, तांदळाचा कोंडा दीड किलो, सोयापेंड २ किलो ८०० ग्रॅम, खनिज मिश्रण १७० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. प्रथिनं १८-१९ टक्क्यांच्या आसपास बसतात, वर थोडी कणी फेकली तरी चालतं. शिंपल्याचा चुरा मिश्रणात घालू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. अंड्यावरची कोंबडी तो स्वतः हवा तेवढा खाते, तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या माद्यांना) आणि नरांना तो जास्त झालेला चालत नाही. सोयापेंडच घ्या, कच्चं सोयाबीन दळून घालू नका, ते पचत नाही. शेंगदाणा पेंड घेत असाल तर वास घ्या आणि बुरशी बघा. पावसाळ्यात ती न घेतलेलीच बरी.

मीठ विसरणारे फार आहेत. मीठ कमी पडलं तरी टोचणं वाढतं. उलट कोकणात जवळा घालतात, त्यात मीठ भरपूर असतं. तो आधी पाण्यात भिजवून, पाणी ओतून द्या.

फुकटातलं प्रथिन हवं तर जुनी वाळवीची पद्धत अजून चालते. मडक्यात ओलं शेण, गोणपाटाचे तुकडे आणि काटक्या भरून वाळवी असलेल्या जागी संध्याकाळी उपडं घाला, सकाळी पिल्लांपुढे झटका.

तिखटजाळ, नाशिक

चारापाणी यांच्या पोस्टला जोडून. टोचू नये म्हणून जखमेवर किंवा शेपटीवर मिरचीचं पाणी लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, मिरच्या खाऊन बिया पसरवणारे तेच. अंडी खाणाऱ्या कोंबडीसाठी अंड्यात तिखट भरणंही तसंच वाया. त्यापेक्षा अंडी घालायच्या खोक्यात अंधार करा आणि दोन प्लास्टरची अंडी ठेवा.

तलंग, संगमनेर

नवे पक्षी मिसळण्याबद्दल. सरकारी उबवणी केंद्रातून आणा किंवा आठवडी बाजारातून, आधी किमान तीन आठवडे पूर्ण वेगळं ठेवा. भांडी वेगळी, चप्पल वेगळी, रोज आधी जुन्यांचं काम आणि मग नव्यांचं. हे टोचणीसाठी नाही, रानीखेत रोग आणि सर्दी यांसाठी. लसीकरण झालंय का ते विचारून घ्या.

मग अर्धा इंची जाळीचा आडोसा घालून दोन्ही कळप शेजारी, आठ-दहा दिवस. एकमेकांना दिसले पाहिजेत, चोच पोचता कामा नये. चाऱ्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावा, म्हणजे शेजारी खायची सवय होते. शेवटी जाळी काढायची ती मोकळ्या आवारात, खुराड्यात नाही. एकटा पक्षी कधीही सोडू नका, किमान दोन-तीन सोडा, आणि वजनात जुन्यांच्या जवळ आल्यावरच. दोन महिन्यांची वनराजा या सुधारित जातीची तलंग आणि दोन वर्षांची गावठी एकत्र सोडली तर तलंगीचं काही खरं नाही.

परसदार, गुहागर

रात्री दांड्यावर गुपचूप बसवून द्यावं, सकाळी जुन्यांना कळतच नाही, असं म्हणतात. तुमचं मत?

तलंग, संगमनेर

सकाळी चांगलंच कळतं हो! तुरा आणि चेहरा ओळखतात त्या. जाळीचे दिवस झाले असतील तर रात्री बसवण्याचा फायदा होतो, नाहीतर उजाडताच बंद खुराड्यात मारामारी होते आणि आपण झोपेत असतो. बसवलंच तर उजाडायच्या आधी दार उघडा.

मारकीचं म्हणाल तर मार खाणारीला वेगळं काढू नका, ती परत आली की आणखी खाली जाते. मारणारीला काढा. तीन-चार दिवस नजरेआड, डालग्याखाली नव्हे तर दुसऱ्या जागी. परतल्यावर तिची जागा दुसरीने घेतलेली असते. रक्त निघालं असेल तर मात्र जखमीलाही काढावंच लागतं. शिवाय आधी मार खाणारीला उचलून बघा : छातीचं हाड टोचतंय का, पोटा (गळ्याखालची अन्नाची पिशवी) रिकामा आहे का, विष्ठा हिरवी-पांढरी आहे का. आजारी कोंबडीला कळप आपल्याआधी ओळखतो.

सुताराघरची, सावंतवाडी

जागेचे आकडे देते, कारण खुराडं बांधतानाच निम्मी भांडणं बांधली जातात. आत प्रत्येकीला २ चौरस फूट, बाहेर १० चौरस फूट. दांडा प्रत्येकी २० सेंमी आणि सगळे दांडे एकाच उंचीवर. पायऱ्या केल्यात की वरच्या दांड्यासाठी रोज संध्याकाळी युद्ध. चाऱ्याच्या भांड्याची कड प्रत्येकी १० सेंमी. दहा कोंबड्यांना एक मोठं भांडं देण्यापेक्षा दोन लहान द्या आणि एकावर उभी राहिलेली कोंबडी दुसऱ्याला दिसणार नाही अशी ठेवा. पाण्याचंही तेच. वरची कोंबडी एका भांड्यावर पहारा करू शकते, दोनांवर नाही. आवारात एखादी उभी फळी, झाडाची फांदी, उलटी टोपली टाका. पळणारीला आड व्हायला जागा हवी. बंद कोपरे ठेवू नका, तिथेच कोंडून मारतात.

कोकणातल्या पावसात कोंबड्या आठवडाभर आत अडकतात. तेव्हा मेथीची किंवा शेवग्याच्या पाल्याची जुडी दीड फुटावर टांगा, उड्या मारून खाण्यात वेळ जातो. खाली अंथरलेलं तूस ओलं झालं की बदला. मुठीत दाबल्यावर गोळा राहिला तर ते ओलं समजायचं.

उवा दिवसा पंखांखाली आणि मागच्या बाजूला शोधा. रक्त पिणारे लाल किडे मात्र दिवसा दांड्याच्या फटीत असतात, कोंबडीवर सापडत नाहीत. रात्री पांढरा कागद दांड्याखालून पुसा, लाल रेघ उठली की समजलं. दांडे बाहेर काढून उकळतं पाणी ओता, फटी चुन्याने भरा आणि आठवड्याने पुन्हा तेच करा, कारण अंडी वाचलेली असतात. अंग घोळायला राखेचा खड्डा छपराखाली, कोरडा ठेवा.

असीलवाला, सोलापूर

असीलची पिल्लं काही आठवड्यांची झाली की झुंजायला लागतात. मिश्र कळपात ठेवायची जात नव्हे ही. कोंबड्यांचं प्रमाण दहा माद्यांना एक. जास्तीचे कोंबडे ठेवायचे तर माद्या नजरेला पडणार नाहीत अशा आवारात ठेवा, मग बरेच शांत राहतात. पाठ सोललेल्या मादीला जाड सुती कापडाची झूल, पंखांखालून इलॅस्टिकने. आठवड्याला काढून आत उवा बघायच्या.

ब्रूडरबाई, वर्धा

बोटं टोचणारी पिल्लं एकतर भुकेली असतात, नाहीतर उकडलेली. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी बल्ब लागतच नाही, तरी लोक चालू ठेवतात. पिल्लं कडेला पांगून चोच उघडी टाकत असतील तर बल्ब वर घ्या किंवा बंद करा. पांढऱ्या झगझगीत बल्बपेक्षा लाल बरा, त्यात रक्त उठून दिसत नाही. पहिल्या दिवशी कागदावर भरडा पसरा, खाणं सापडलं की बोटं सुटतात.

लेस्टरकर

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींसाठी. इथे १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी असली तरी नोंदणी सक्तीची आहे. स्वयंपाकघरातून गेलेलं उरलंसुरलं घालणं बेकायदा, त्यामुळे वरचा भात-भाकरीचा भाग विसरा. बर्ड फ्लूमुळे पक्षी आत ठेवायचा आदेश आला (लहान कळपांना कधी कधी सूट असते) की हिवाळ्यात टोचणी हमखास. रनवर (बाहेरच्या जाळीच्या आवारावर) पारदर्शक छप्पर आणि बाजूंना बारीक जाळी आधीच लावून ठेवा. उपटलेल्या जागी स्टॉकहोम टार (पाइनच्या लाकडाचं डांबर) लावतात, चव घाण असते.

डॉक्टरकाकू, कोल्हापूर

अंडं बाहेर पडतं त्या जागेची जखम. अंडं बाहेर येताना आतला लालसर भाग क्षणभर बाहेर दिसतो. खोका उजेडात असेल तर शेजारची तिथे टोचते, आणि एकदा रक्त दिसलं की सगळ्या जमतात. आतडी ओढली जाऊन तासाभरात कोंबडी जाते. म्हणून खोके अंधारात, पुढे गोणपाटाचा पडदा, चार-पाच कोंबड्यांना एक. लठ्ठ कोंबडी आणि फार लवकर अंड्यावर आलेली तलंग यांना धोका जास्त.

जखमीला लगेच वेगळं करा. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, त्याने धुवा. भाग बाहेर आला असेल तर ओल्या स्वच्छ हाताने हलकेच आत सारा, पुन्हा आला तर पशुवैद्य गाठा. वरवरच्या जखमेला पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन, त्यावर हळद आणि खोबरेल. हळदीने लालपणा झाकतो. लाल रंगाचं कुठलंही औषध नको. पावसाळ्यात माश्या अंडी घालतात, म्हणून दिवसातून दोनदा जखम उलगडून बघा. खपली गळून पिसांची खुंटं दिसेपर्यंत कळपात सोडू नका, आणि सोडाल तेव्हा वर तलंग यांनी लिहिलेल्या जाळीतूनच.

चोच कापून आणावी का, असं दोन जणांनी खासगी निरोपात विचारलंय. परसातल्या कोंबडीला नको. किडे वेचता येत नाहीत आणि कारण तसंच राहतं. फार तर वरच्या चोचीचं पुढे आलेलं टोक कानशीने किंचित घासा. रक्त दिसायच्या खूप आधी थांबा.