दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) वावरात मैल्याच्या गाळाचं खत टाकावं का?

बोरीकाठ_अमळनेर:
रामराम मंडळी. माझं 5 एकर काळं वावर, त्यात 2 एकर कोरडवाहू दादर. गोठ्यात दोनच जनावरं उरली, शेणखत विकत परवडत नाही. शहरातल्या मैलापाणी प्रक्रिया केंद्रातला गाळ फक्त भाड्यात मिळतोय. चैत्रात एक ट्रॉली बांधावर उतरवली. परवा अवकाळी पडला आणि आज बघतो तर ढिगावर टमाट्याची शंभरेक रोपं उगवलीत! आई म्हणते, "तठलं खत आपला वावरमा नको." दाणा आम्हीच खाणार, कडबा गाईला. टाकू का? किती?

पांझराकाठ:
आमचे आजोबा सोनखत, म्हणजे माणसाच्या मैल्याचंच खत टाकायचे, बाजरी डोक्याएवढी व्हायची. टाका बिनधास्त.

गिरणाकाठ_एरंडोल:
बिनधास्त नको, भाऊ. ती रोपं नीट बघा. ते बी माणसाच्या पोटातून, गटारातून, केंद्रातून आलं तरी जिवंत राहिलं. म्हणजे गाळ तापलेलाच नाही. बी टिकलं तिथं जंतांची अंडीही टिकली असणार, असं धरूनच चाला. मी 3 वर्षांपूर्वी मक्याला असाच ओला गाळ टाकला. पसरणाऱ्या दोघा मजुरांना हातमोजेसुद्धा दिले नव्हते. आठवड्याच्या आत दोघांनाही हगवण लागली. दवाखान्याचे पैसे मी भरले, पण ते अजून मनाला लागून आहे.

आता मी गाळात पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) भुगा मिसळून लांब रास लावतो. मध्यावर लोखंडी सळई खुपसून ठेवायची, दहा मिनिटांनी काढली की हातात धरवली नाही पाहिजे. तरी खात्री थर्मामीटरनेच करा. अमेरिकेच्या 1993 च्या नियमात अशा राशीला 55 अंशांवर किंवा त्याहून जास्त तापमानात 15 दिवस आणि तेवढ्यात किमान 5 वेळा उलथापालथ सांगितली आहे. दादर पेरायला भाद्रपद-आश्विन उजाडेल, तोवर सहज होतं.

दुसरं, तापवून जंतू मरतील, शिसं-कॅडमियम तसंच राहील. केंद्राकडे तपासणी अहवाल मागा. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम 5, शिसं 100, जस्त 1000 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. गटाराला मुलामा देणारे कारखाने जोडलेले असतील तर अहवालाशिवाय ट्रॉली उतरवूच नका. आपली जमीन चुनखडीची, धातू पिकात कमी चढतात हे खरं. पण एकदा मातीत गेले की नातवंडांपर्यंत तिथंच.

वाळलेल्या गाळात नत्र साधारण 3 टक्के, म्हणजे टनाला 30 किलो. पहिल्या वर्षी त्यातलं तिसरा हिस्साच पिकाला लागतं. कोरडवाहू दादरला वाळलेलं एकरी 2 टन पुरे. ओल्या ट्रॉलीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं, तेही धरा. पालाश पाण्याबरोबर निघून गेलेलं असतं, माती परीक्षणात कमी आलं तर वेगळं द्या. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात मात्र चिमूटभरही नको.

तापीकाठ_चोपडा:
अहमदाबादेत वाळलेला गाळ कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, दिवसाला 100 टन क्षमतेचं केंद्र आहे. आपल्याकडे असं झालं तर किती बरं होईल.

बोरीकाठ_अमळनेर:
एरंडोलचे दादा, मजुरांचं वाचलं आणि आजचं पसरणं थांबवलं. पऱ्हाट्या मी जाळून बसलो, पण शेजारच्या आप्पांच्या बांधावर अजून पडल्यात. ड्रायव्हरला अहवाल विचारला, तर म्हणे असलं काही नसतं. उद्या स्वतः केंद्रावर जातो.