वानखेडेवर तुम्ही कधी होतात, कुठल्या स्टँडला?

विक्रम आकडेवारीत मिळतातच. पण तो दिवस कसा गेला, शेजारी कोण होतं, काय ऐकू आलं, हे तिथे हजर असलेल्यानेच सांगावं. म्हणून हा धागा. सुरुवात मीच करतो.

मे 1991, रणजीची फायनल, हरियाणाविरुद्ध. शेवटच्या दिवशी 355 हवे होते. सचिनने 96 काढले तेव्हा बाबा म्हणाले, "आपलीच!" मग एकेक जण जात राहिला आणि सगळा भार वेंगसरकरवर आला. शेवटची जोडी, तीन रन हवे, आणि कुरुविला धावबाद. 352. तिकडे कपिलची पोरं नाचत होती, इकडे वेंगसरकर 139 नाबाद, ढसाढसा रडत होता. बाबा चष्मा काढून पुसत राहिले, पुसतच राहिले. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

*

1991 वाचून गलबलून आलं. मी त्याआधीचा, जानेवारी 1975चा. ब्रेबॉर्नच्या तिकीटवाटपावरून वाद झाला आणि शेषराव वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर हे नवं मैदान उभं केलं. तिथली ती पहिलीच कसोटी. क्लाइव्ह लॉइड नाबाद 242! वाकून उभा राहायचा, बॅट जड, फटका मात्र अलगद वाटायचा. चेंडू कठड्यावर आपटला की खाडकन आवाज यायचा, तो अजून कानात आहे.

*

2 एप्रिल 2011, विश्वचषकाची फायनल, श्रीलंकेविरुद्ध. गोंगाटात संगकाराचा कौल ऐकू आला नाही म्हणून टॉस दोनदा झाला, एवढी गर्दी पेटलेली. सचिन 18वर गेला आणि शेजारच्या काकू हात जोडून बसल्या. धोनीच्या षटकारापर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत.

*

माझी चुटपुट. 7 नोव्हेंबर 2023, विश्वचषकात अफगाणिस्तानविरुद्ध ऑस्ट्रेलिया 292च्या मागे, 7 बाद 91. उशीर नको म्हणून मी उठलो. लोकलमध्ये शेजाऱ्याच्या मोबाइलवर मॅक्सवेल दिसला, पायात गोळे आलेले, जागेवरूनच मारत होता. नाबाद 201. कमिन्सबरोबर 202ची भागी, त्यात कमिन्सचे 12. तिकीट खिशात होतं आणि मी दादरला.

*

2021ची न्यूझीलंडविरुद्धची कसोटी कुणी लिहिली नाही, म्हणून लिहिते. एजाज पटेल मुंबईत जन्मलेला, आठव्या वर्षी न्यूझीलंडला गेला. लाल मातीतून चेंडू उसळत होता, वळतही होता. त्याचे नऊ बळी झाल्यावर आम्ही आपल्याच फलंदाजांचं विसरून त्याच्यासाठी श्वास रोखून बसलो. सिराजने उंच मारला, रवींद्र खाली आला, झेल! 119 धावांत एका डावातले दहाच्या दहा बळी. कसोटीत इंग्लंडचा जिम लेकर आणि आपला कुंबळे यांच्यानंतर तिसराच. सामना भारताने 372 धावांनी जिंकला, पण त्या झेलाला आमचा अख्खा स्टँड उभा राहिला होता.