मदत हवी आहे : आप्पांचं काउंट ३८ हजार, औषध दिलं नाही, वर फॉर्मवर सही मागतात

द्राक्षबाग_तासगाव :
आप्पांना सीएलएल निघालाय, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर. पांढऱ्या पेशी ३८,४००. मिरजेच्या डॉक्टरांनी साधी गोळीसुद्धा दिली नाही, तीन महिन्यांनी या म्हणाले. वर पाच पानी फॉर्म दिला, अभ्यासात नाव घालायचंय म्हणून. धाकटा भाऊ म्हणतो, आप्पांवर प्रयोग करायचा म्हणून औषध अडवून धरलंय, मुंबईला टाटाला चला. आई कालपासून जेवली नाही. सही करू का नको? सोमवारी बोलावलंय, लवकर सांगा.

पेठ_सांगली :
वय? हिमोग्लोबिन? प्लेटलेट? फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा ओळखायची तपासणी) झाली का? नुसत्या काउंटवर कुणी काय सांगायचं?

मायणीकर :
पपईच्या पानांचा रस अनशापोटी आणि गुळवेलीचा काढा. माझ्या मेव्हण्याच्या प्लेटलेट ४० हजारांवरून चार दिवसांत दीड लाखावर गेल्या. अनुभवाचं बोलतोय.

लॅबमधला :
मायणीकर, मेव्हण्यांना डेंग्यू होता ना? डेंग्यू उतरला की प्लेटलेट आपसूक वाढतात. इथे तर प्लेटलेट कमी आहेत असं धागाकर्त्यानं म्हटलेलंच नाही. आणि गुळवेलीनं यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत.

मायणीकर :
आमच्या आजीनं जन्मभर गुळवेल घेतली, नव्वदीला गेली. तुम्हा लॅबवाल्यांना सुईशिवाय काही दिसत नाही.

कराड_ते_परळ :
टाटाला जाणार असाल तर महालक्ष्मीचं रिझर्व्हेशन आत्ताच करा. सगळे जुने रिपोर्ट आणि स्लाइड मागून घ्या.

द्राक्षबाग_तासगाव :
वय ६७. हिमोग्लोबिन १२.४, प्लेटलेट १ लाख ६२ हजार. फ्लो झालीय, त्यात सीडी५, सीडी१९, सीडी२३ पॉझिटिव्ह लिहिलंय. लिंफोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, ८२ टक्के. मानेत बोराएवढी गाठ आहे, आम्ही अवधाण समजत होतो. पानथरी वाढलेली नाही. ताप नाही, वजन तेवढंच. अजून बागेत जातात. पण कॅन्सर आहे आणि औषध नाही, हे डोक्यात बसत नाही.

लॅबमधला :
हे आधी सांगायचं हो. म्हणजे लिंफोसाइट साधारण ३१,५००. या आजारात नुसत्या काउंटवर औषध सुरू करत नाहीत. हिमोग्लोबिन १० च्या खाली, प्लेटलेट लाखाच्या खाली, गाठी किंवा पानथरी फार वाढणं, सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरणं, रात्री अंथरूण भिजेल असा घाम, अशी कारणं लागतात. लवकर औषध देऊन आयुष्य वाढतं का, हे जुन्या क्लोरॅम्ब्युसिलपासून अलीकडच्या इब्रुटिनिबपर्यंत तपासून झालंय. वाढलं नाही. औषधाचा त्रास मात्र होतो. साधारण तिघांतल्या एकाला जन्मभर औषध लागतच नाही. जुना एखादा सीबीसी आहे का? वेग कळेल.

जत_पूर्व :
बोन मॅरोसाठी भावाचं रक्त जुळतंय का ते आधी बघा.

पेठ_सांगली :
जतकर, तो विषयच नाही इथे.

द्राक्षबाग_तासगाव :
दहा महिन्यांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनवेळचा सापडला. काउंट २९,१००, लिंफोसाइट ७९ टक्के. आकड्याखाली लाल रेघ आहे आणि आम्हाला कुणी एक शब्द सांगितला नाही! ऑपरेशन करून घरी पाठवलं. आत्ता बघून हात थरथरले.

लॅबमधला :
सांगायलाच हवं होतं, तुमचा राग रास्त आहे. पण हाच कागद आता उपयोगाचा. लिंफोसाइट २३ हजारांवरून ३१,५००, म्हणजे दहा महिन्यांत दीडपटसुद्धा नाही. सहा महिन्यांच्या आत दुप्पट होतं का, हे डॉक्टर बघतात. सोमवारी न्याच.

कृष्णाकाठ :
फवारणीमुळे झालंय हे. द्राक्षाला किती औषधं मारतात, माहिताय ना?

पेठ_सांगली :
शेतकऱ्यांत हा आजार जास्त दिसतो असं काही पाहण्यांत आलंय. पण जास्त दिसणं आणि त्यानंच होणं यात फरक आहे. तेच उलगडायला असे अभ्यास लागतात. दादा, फॉर्ममध्ये औषध द्यायचं लिहिलंय का? पान बघून सांगा.

द्राक्षबाग_तासगाव :
पान ३ वर आहे, 'या अभ्यासात कोणतेही औषध दिले जाणार नाही अथवा बदलले जाणार नाही'. नेहमीच्या तपासणीबरोबर १० मिली रक्त जास्त. व्यवसाय आणि फवारणी किती वर्षं, हेही विचारलंय.

पेठ_सांगली :
मग हा निरीक्षणाचा अभ्यास. आजार कसा पुढे जातो, औषध कधी लागलं, जंतुसंसर्ग किती वेळा झाला, एवढंच नोंदवतात. औषध थांबवलंय ते आजारामुळे, अभ्यासामुळे नव्हे. शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय (अशा अभ्यासांची देशातली सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक आहे का बघा. क्रमांक असेल तर सीटीआरआयच्या साइटवर कुणालाही पडताळता येतो. नाव मधेच काढून घेता येतं आणि त्यानं उपचारात फरक पडता कामा नये. या आजाराची बरीच माहिती पाश्चात्त्य रुग्णांवरची, तिथे निदान साधारण सत्तरीत होतं. आपल्याकडे बरेच रुग्ण त्याहून तरुण दिसतात. इथल्या शेतकऱ्याची नोंद कुणीतरी ठेवायलाच हवी. माझ्या सासूबाईंचं नाव अशाच एका नोंदीत आहे, सात वर्षं झाली, अजून औषध नाही.

लॅबमधला :
फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीचं विचारा. जिवंत विषाणूची लस मात्र घ्यायची नाही. डीईएल १७पी, टीपी५३ या जनुकांच्या तपासण्या औषध ठरवायच्या वेळी लागतात, आत्ताच खर्चात पडू नका.

कराड_ते_परळ :
म्हणजे रिझर्व्हेशन करू नका?

द्राक्षबाग_तासगाव :
आत्ता नाही दादा. शेवटच्या पानावर दोन्ही क्रमांक आहेत, भावालाच साइटवर शोधायला बसवलंय. सही आप्पाच करतील, त्यांचं रक्त आहे. त्यांना वाचून दाखवलं तर एवढंच म्हणाले, फवारणीचं खरं खरं लिही, एकोणीस वर्षं तोंडाला फडकंसुद्धा बांधलं नाही. आईनं आत्ता भाकरी खाल्ली. सोमवारी काय होतं ते इथेच लिहितो.