छातीच्या आजाराला आतड्याचा तुकडा कशाला?

मेघना_सोलापूर
नमस्कार मंडळी. माझी भाची सहा वर्षांची आहे, आईबाबांबरोबर नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला असते. तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे. रोज वाफ, पाठ थोपटून कफ सुटा करणं, जेवताना एन्झाइमच्या कॅप्सूल, सगळं चालू आहे. जीनच्या तपासणीत निघालेली दोन्ही म्यूटेशनं (जीनमधले बदल) दुर्मीळ आहेत. आता डॉक्टर म्हणतात, गुदाशयाच्या आतल्या आवरणाचा कण घेऊन त्यातून ‘छोटी आतडी’ वाढवू, त्यांना औषध देऊन बघू. बहीण फोनवर रडते. दुखणं छातीचं, मग आतडं कशाला? पोरीला दुखेल का? इथं कुणी या कामात आहे का?

सायली_उट्रेख्त
मेघनाताई, मी उट्रेख्तमध्ये हेच काम करते, चौथं वर्ष चालू आहे.

आधी दुखण्याचं सांगते. कण घेतात त्या जागी चिमटा कळण्याच्या नसा नसतात. दाबल्यासारखं वाटतं, अवघडल्यासारखं होतं, नंतर रक्ताचे एक-दोन थेंब दिसू शकतात. अगदी तान्ह्या बाळांचेही असे कण घेतात. बहिणीला हे आज रात्रीच सांगा.

आता आतडं का ते. या आजारात सीएफटीआर नावाचं प्रथिन बिघडतं. त्याचा जीन १९८९ साली सापडला. हे प्रथिन म्हणजे पेशीच्या भिंतीतला क्लोराइडचा दरवाजा. तो उघडला की क्लोराइडच्या मागोमाग पाणी बाहेर येतं. उघडला नाही की कफ चिकट होतो. हाच दरवाजा फुप्फुसात, स्वादुपिंडात, घामाच्या ग्रंथींत असतो आणि आतड्याच्या आवरणात तर भरपूर असतो. शिवाय आतड्याच्या पेशी प्रयोगशाळेत चांगल्या वाढतात.

कण आला की आम्ही तो थंडगार ईडीटीएच्या द्रावणात हलवत ठेवतो. आवरणातले बारीक खळगे सुटे होतात, त्यांना क्रिप्ट म्हणतात. क्रिप्टच्या तळाशी मूळपेशी असतात, त्यांच्यापासून आवरणाच्या बाकीच्या पेशी तयार होतात. याच गावात, ह्युब्रेख्त संस्थेत हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी २००९ साली उंदराच्या अशा एकेका मूळपेशीपासून आतड्याची रचना वाढवून दाखवली. माणसाची २०११ मध्ये जमली. क्रिप्ट मॅट्रिजेल नावाच्या आधार देणाऱ्या द्रव्याच्या थेंबात ठेवायचे, त्यातून पोकळ गोळे वाढतात, तीच ‘छोटी आतडी’. मॅट्रिजेल बर्फावर पातळ असतं आणि ३७ अंशांना जेलीसारखं धरतं, हात रेंगाळला तर पिपेटच्या टोकातच. दर दोन-तीन दिवसांनी वरचं पोषक द्रावण बदलायचं, रविवार असला तरी.

मग चाचणी. फोर्सकोलिन नावाचं रसायन घातलं की पेशीला दरवाजा उघडण्याचा निरोप जातो. (हे रसायन तुळशीच्या कुळातल्या कोलियसच्या मुळांतलं. १९७०च्या दशकात आपल्या मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात त्यावर मोठं काम झालं. मी मुलुंडचीच, त्यामुळे बाटली हातात घेतली की बरं वाटतं.) दरवाजा चालत असेल तर पाणी पेशीतून गोळ्याच्या आतल्या पोकळीत शिरतं आणि गोळा फुगतो. तो हिरव्या रंगाने चमकवून तासभर, दर दहा मिनिटांनी फोटो घेतो. बिघडलेला दरवाजा असेल तर गोळा तसाच राहतो. औषध घालून ठेवलेला शेजारचा गोळा फुगायला लागला की मी खुर्चीवरून उठते, अजूनही.

ही चाचणी इथं उट्रेख्तमध्येच बसवली आणि २०१३ साली प्रसिद्ध झाली. या जीनमधले दोन हजारांहून जास्त बदल माहीत आहेत. काही बदल जगात मोजक्याच लोकांत असतात, त्यांच्यासाठी औषधाची मोठी चाचणी होणार तरी कशी? तुमच्या भाचीसाठी हा गोळाच ती चाचणी आहे.

गोळ्याला रक्तवाहिन्या नाहीत, रोगप्रतिकारक पेशी नाहीत, जंतू नाहीत. छातीतला जुना संसर्ग किती सुधारेल हे तो सांगत नाही. दरवाजा उघडतो की नाही, एवढंच सांगतो.

विक्रम_पुणे
मेघनाताई, माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. त्याच्या कपाळाचा मुका घेतला की खारट लागायचं. आई म्हणायची, उन्हाचं असेल. तीन वर्षं दम्याची औषधं चालली, मग घामाची तपासणी झाली आणि हाच आजार निघाला. एफ५०८डेल हा या आजारातला सर्वांत नेहमीचा बदल आपल्याकडे युरोपपेक्षा कमी आढळतो, म्हणून दुर्मीळ बदलांवर असं काम होतंय हे वाचून फार बरं वाटलं. सायली, पहिल्या खेपेला वाढलंच नाही तर?

सायली_उट्रेख्त
होतं तसं कधीकधी. मग पुन्हा कण मागावा लागतो आणि तो फोन करताना जीव कसनुसा होतो. पण एकदा वाढले की थोडे द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतो. पाच वर्षांनी नवं औषध आलं तरी तेच वितळवायचे, मुलाला पुन्हा हात लावावा लागत नाही.

मेघना_सोलापूर
बहिणीला वाचून दाखवलं. ती विचारते, गोठवलेल्या पेशी कुणाच्या? आणि निकाल आम्हाला कळणार ना?

सायली_उट्रेख्त
हेच विचारायला हवं. सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: ही तपासणी हिच्या उपचारासाठी आहे की संशोधनासाठी? संशोधनासाठी असेल तर नमुन्याला फक्त क्रमांक असतो आणि निकाल आपोआप घरी येईलच असं नाही. औषध कंपन्यांना पेशी द्यायच्या का, हा प्रश्न संमतीपत्रात वेगळा आहे का ते बघा. नंतर संमती मागे घेता येते का, तेही लिहून घ्या. कागद डच भाषेत असेल तर मला कळवा, बहिणीबरोबर फोनवर बसून ओळ न् ओळ वाचून देईन.