अनुभव धागा: मनातला नायक कोण, आणि कुठल्या गल्लीतला?

नमस्कार मंडळी.

डेअरडेव्हिल ही मार्व्हलची मालिका मी २०१६ च्या जानेवारीत पाहिली. तिचा नायक मॅट मर्डॉक, न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीतला आंधळा वकील, रात्री मुखवटा घालून गुंडांशी लढतो. नेटफ्लिक्स भारतात नुकतंच सुरू झालं होतं आणि धाकटा भाऊ पुण्याहून इंदूरला राजेंद्र नगरच्या घरी आला होता. दुसऱ्या भागाच्या शेवटी तो बोळातला प्रसंग आहे ना, पळवून नेलेल्या पोराला सोडवायला नायक एकटा आत शिरतो, तो संपला तेव्हा आम्ही दोघं गप्प बसून होतो. नायक दमत होता. भिंतीला टेकत होता. मार खाऊन पुन्हा उठत होता. ती भूमिका करणाऱ्या चार्ली कॉक्सचं नाव मी तोवर ऐकलेलंही नव्हतं, आणि त्या रात्रीनंतर मॅट मर्डॉकला दुसरा चेहरा मला चालेना.

२०१८ मध्ये मालिका बंद झाली. जगभरच्या चाहत्यांनी ती वाचवायची मोहीम चालवली, त्यात मीही सही केली होती. २०२१ च्या डिसेंबरात स्पायडरमॅनच्या सिनेमात कॉक्स मिनिटभरासाठी दिसला तेव्हा टॉकीजमध्ये माझ्या शेजारची अनोळखी मुलगी ओरडली, आणि मीही. पुढे नवी मालिका ठरली, पण सुरुवातीच्या बातम्यांत मॅटचे सोबती करेन आणि फॉगी नव्हते. ते मला फार लागलं होतं. त्या तिघांचं ते छोटं वकिली ऑफिस नसेल तर मॅट रात्री घरी परतून जाणार कुणाकडे? २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संपांमुळे चित्रीकरण थांबलं, निर्मात्यांनी सगळं पुन्हा मांडलं, आणि करेन-फॉगी करणारे डेबोरा ॲन वोल आणि एल्डन हेन्सन परत आले. मार्च २०२५ मध्ये पहिला भाग लागला. त्यात काय होतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहीत नाही.

तर तुम्ही कुणाची वाट पाहिलीत? कोणती निवड पटली, कोणती अजून सलते? आणि अशी काळोखी मालिका आपल्या इंदुरात झाली तर ती कुठल्या गल्लीत घडावी? लांब लिहा, घाई नाही.

परदेशीपुऱ्यातून

गल्लीचंच लिहितो, कारण माझ्यासाठी ती आधी येते.

डेअरडेव्हिलच्या पहिल्या सीझनमध्ये मिसेस कार्डेनास नावाची म्हातारी भाडेकरू आहे. तिच्या चाळीत माणसं पाठवून तोडफोड करतात, पाणी-वीज बंद पडते, आणि मग घर सोडायचे पैसे देऊ करतात. यामागे मालिकेचा खलनायक फिस्क असतो. लोकांना फिस्क त्याच्या देहामुळे आठवतो, मला त्या म्हातारीच्या स्वयंपाकघरामुळे. आमचे आजोबा मिलमध्ये बत्तीस वर्षं साच्यावर होते. मिल बंद पडली तेव्हा मी जन्मलो नव्हतो. देणी मिळाली तेव्हा आजोबा नव्हते. मधली सगळी वर्षं घरात एक फाइल होती, सुतळीनं बांधलेली, आणि तिला कुणी हात लावलेला आजीला चालायचा नाही.

म्हणून मला नायक वकील असलेलाच हवा. दिवसा कामगारांचे कागद घेऊन कोर्टात, आणि रात्री काय ते.

ते हेल्स किचन म्हणजे एकेकाळी गोदी कामगारांची वस्ती. आता तिथे महागडे फ्लॅट झालेत, त्यामुळे जुनं रूप मिळवायला बरंचसं चित्रीकरण ब्रुकलिन आणि क्वीन्सकडे करावं लागलं. आपल्याकडेही हेच झालंय. मालवा मिलच्या चौकात उभं राहिलं तर नाव तेवढं उरलेलं दिसतं. जे काही जुनं उरलंय ते पडायच्या आत कुणीतरी कॅमेऱ्यात धरावं, एवढी माझी इच्छा आहे.

आणि मुख्य प्रसंग अनंत चतुर्दशीच्या रात्रीचा हवा. मिल बंद झाल्या तरी हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे फिरते देखावे, निघतात. रात्रभर रस्ता लोकांनी भरलेला, पुढे आखाड्यांची मुलं लाठी-पट्टा फिरवतायत, झांकीच्या दिव्यांनी सगळ्यांचे चेहरे दर क्षणाला रंग बदलतायत. त्या आखाड्याच्या रांगेत एक जण तोंड बांधलेला चालतोय आणि तो खेळ करत नाहीये, हे फक्त एका लहान मुलाच्या लक्षात येतं.

लोकमान्य नगर, ताई आणि भाऊ

मी टाइप करतेय, पण बोलणं अर्धं माझ्या धाकट्या भावाचं आहे. त्याला जन्मापासून दिसत नाही.

एप्रिल २०१५ मध्ये डेअरडेव्हिल आली तेव्हा नायक आंधळा, आणि आंधळ्या प्रेक्षकाला मात्र ती समजण्याची सोय नाही अशी स्थिती होती. लोकांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच नेटफ्लिक्सनं ध्वनिवर्णन सुरू केलं, तेही याच मालिकेपासून. म्हणजे पडद्यावर जे घडतं ते एक आवाज संवादांच्या मधल्या जागेत सांगत जातो. तोवर आमच्या घरी ते काम माझं होतं. मी सिनेमा बघता बघता सांगायचे आणि माझ्याकडून नेमकं महत्त्वाचं सुटायचं, कारण मीच बघण्यात रंगलेली असायचे. ज्या दिवशी तो पहिल्यांदा हेडफोन लावून बसला त्या दिवशी मला शेजारी बसून काहीच करायचं नव्हतं. एका जागी तो माझ्याआधी दचकला. हे मी कधी विसरणार नाही.

चार्ली कॉक्सचं काम त्याला पटलं. (कॉक्सला त्या भूमिकेसाठी अंधांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेनं हेलन केलर यांच्या नावाचा सन्मानही दिला होता.) पण भाऊ म्हणतो, पुढच्या वेळी खरोखर न दिसणारा नट घ्या. मी म्हटलं, मारामारी कशी करेल? तर त्यानं लगेच ‘इको’चं नाव घेतलं. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या त्या मालिकेत माया लोपेझ ऐकू न येणारी आहे, आणि ती करणारी अलाक्वा कॉक्सही जन्मतः बहिरी, शिवाय तिचा एक पाय कृत्रिम आहे. मारामारी तिनं केलीच ना?

आता त्याचा प्रश्न, त्याच्याच शब्दांत: “मॅटला अख्खं हेल्स किचन ऐकू येतं. इंदूरच्या नायकाला काय ऐकू येईल? मला सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं सगळ्यात आधी येतं, मग पोहेवाल्याच्या झाऱ्याचा आवाज. पण चाळीस वर्षांपूर्वी या शहराचा आवाज कसा होता? परदेशीपुऱ्याच्या दादांच्या घरी कुणाला आठवतं का?”

साऊथ तुकोगंज, निवृत्त शिक्षिका

नातवाबरोबर बसून पाहिलं म्हणून लिहायचं धाडस करते. वय अडुसष्ट.

नायकाबद्दल तरुणांनी लिहावं. मला खलनायकाची निवड महत्त्वाची वाटते, कारण वाईट माणूस नुसता भीतीदायक दाखवणं सोपं आहे. व्हिन्सेंट डिऑनोफ्रिओचा फिस्क पहिल्यांदा दिसतो तो एका पांढऱ्या चित्रापुढे. ते बघून कसं वाटतं असं विचारल्यावर तो म्हणतो की एकटं वाटतं. पुढे तो काय काय करतो ते बघून अंगावर काटा येतो, पण त्याचा तो पहिला आवाज कानातून जात नाही. ‘पेंग्विन’ या मालिकेत कॉलिन फॅरेलचा चेहरा मेकअपखाली पार झाकलेला, तरी डोळ्यांतली लाचारी कळते. नट म्हणजे चेहरा नव्हे, हे आम्ही नाटकवाल्यांनी फार पूर्वीपासून पाहिलं आहे. इथल्या ‘सानंद’ या नाट्यसंस्थेच्या प्रयोगांना मी वर्षानुवर्षं जाते आहे. पंधराव्या रांगेतून चेहरा कुठे नीट दिसतो? दिसतं ते त्याचं उभं राहणं.

आणखी एक सुचवते. मॅट चर्चमध्ये पाद्र्याकडे जाऊन मन मोकळं करतो. आपल्याकडे ते कसं होईल याचा मी दोन दिवस विचार केला. नाथ मंदिरात कीर्तन संपलं आहे, सतरंज्या गुंडाळल्या जात आहेत, बुवा टाळ पिशवीत भरत आहेत आणि कोपऱ्यात एक जण जखमी हात उपरण्यात लपवून बसला आहे. बुवा त्याला काही विचारत नाहीत, प्रसादाचा द्रोण पुढे करतात. बुवांसाठी मला गीतकार-अभिनेते स्वानंद किरकिरे हवेत. ते इंदूरचेच, म्हणजे इथल्या मराठीचा हिंदीकडे झुकलेला हेल त्यांना कुणी शिकवायला नको. ‘चुंबक’ या सिनेमातल्या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा आम्ही घरी श्रीखंड केलं होतं.

भाषा मात्र खरी ठेवा, एवढीच विनंती. घरात मराठी, गल्लीत ‘भिया’ (भैया), कोर्टात हिंदी. एका दिवसात आपण तीनदा बोली बदलतो. पुण्याची मराठी आमच्या तोंडी घालू नका.

सराफ्यातून, थोडक्यात

सोन्याच्या दुकानात कामाला आहे. रात्री आम्ही शटर ओढतो आणि आमच्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबीची दुकानं लागतात. जुने लोक सांगतात की रात्रभर माणसांचा राबता राहिला तर बाजार सुरक्षित, म्हणून व्यापाऱ्यांना हे चाललं. नायकाला लपायला आणि चोराला पकडायला याहून चांगली जागा कुठली? फक्त तिथली मारामारी पहाटे तीननंतर दाखवा, त्याआधी पाय ठेवायला जागा नसते.

सुदामा नगर, मूळचा ग्वाल्हेरचा

माझा नायक परदेशी नाही. ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात आमच्या घराजवळ एक वाचनालय होतं, तिथे राज कॉमिक्स ही हिंदी कॉमिक्स भाड्यानं मिळायची. त्यातले नायक नागराज आणि ध्रुव सगळ्यांचे, डोगा माझा. कचराकुंडीत सापडलेलं पोर, डाकू हलकान सिंहनं चंबळच्या खोऱ्यात वाढवलेलं. पुढे तो मुंबईला जातो, अदरक चाचा त्याला घडवतात आणि कुत्र्याचा मुखवटा घालून तो गटारांतून फिरतो. शहरातली सगळी कुत्री त्याची दोस्त.

चंबळ आमच्यासाठी पुस्तकातली जागा नव्हती. मामाच्या गावाला जाताना बसच्या खिडकीतून ती मातीची घळं दिसायची आणि मी आईला विचारायचो, डोगा इथे कुठे राहायचा? आई म्हणायची, दिसेल, बघत राहा.

अनुराग कश्यप डोगावर सिनेमा करणार आणि कुणाल कपूर डोगा होणार, अशी बातमी आली तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. ते कात्रण बरीच वर्षं पाकिटात ठेवलं. सिनेमा झाला नाही. ‘द बॉईज’ या मालिकेच्या मूळ कॉमिक्समध्ये ह्यूई या पात्राचा चेहरा नट सायमन पेगवरून काढलेला होता, पण मालिका २०१९ मध्ये आली तोवर पेगचं वय निघून गेलं आणि त्यानं ह्यूईच्या वडिलांची भूमिका केली. ते पाहून मला खूप भरून आलं. वाट बघणाऱ्यांचंही वय होतंच.

आता मला नावाजलेला नट नकोच आहे. भिंड-मुरैनाकडचा एखादा नवखा मुलगा घ्या, ज्याला मुखवट्याआडून नुसत्या मानेनं बोलता येईल. आणि मालिकेचे पहिले दोन भाग मुंबईत नको, घळीत घडू देत.

तिलकनगर, एक आई

माझी मुलगी मल्लखांब करते. कुंगफूवाल्या नायकाची आयर्न फिस्ट ही मालिका आम्ही दोघींनी मोठ्या आशेनं लावली होती. तिचा नायक डॅनी रँड याच्यासाठी आशियाई वंशाचा अभिनेता घ्यावा असं पुष्कळ चाहत्यांचं म्हणणं होतं, पण माझ्या मुलीची तक्रार साधी होती: “आई, याचं अंग कसलेलं नाहीये.” तिला त्यातली जेसिका हेनविकची कॉलीन विंगच आवडली.

मध्य प्रदेशानं २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ केलं. तेलानं माखलेल्या खांबावर, जमिनीपासून कितीतरी उंच, श्वासावर तोललेली ही मुलं रोज दिसतात मला. तळहाताला घट्टे, मांड्यांवर खरचटलेलं. अशी एखादी मुलगी घ्या आणि तिला अभिनय शिकवा. उलटं करू नका. मुलगी सांगते की नायिकेला केप नको, ती खांबात अडकते.

विजय नगर, कॉलेज

मिस मार्व्हल ही मालिका तशी काळोखी नाही, तरी लिहिते. आमच्या वरच्या मजल्यावर सिंधी आजी राहायच्या. कराचीतून १९४७ मध्ये आल्या, तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. मालिकेतला फाळणीच्या गाडीचा भाग त्यांना दाखवू की नको असं झालं होतं. त्यांनी तो सगळा बघितला, माझा हात धरून. त्याआधीच्या कराचीच्या रस्त्यांवर मात्र त्या लगेच म्हणाल्या, हे आमचं कराची नाही. मी शोधलं तर ते चित्रीकरण बँकॉकचं निघालं! पंच्याहत्तर वर्षांनी त्यांना कशावरून कळलं असेल? विचारलं तर म्हणाल्या, उजेड वेगळा आहे.

परदेशीपुऱ्यातून, पुन्हा

लोकमान्य नगरच्या दादासाठी आजीला विचारलं. ती सत्त्याऐंशीची आहे.

ती म्हणाली, भोंगा. प्रत्येक मिलचा वेगळा. डोळे मिटून सांगता यायचं कुठली पाळी सुटली. पहिल्या भोंग्याला चूल पेटवायची, दुसऱ्याला डबा भरलेला हवा, आणि मग दारावरून सायकलींचा आवाज, एकामागून एक, इतका वेळ की मधे बोलायला थांबावं लागायचं. एखाद्या दिवशी भोंगा अवेळी वाजला की बायका हातातलं टाकून दारात यायच्या.

मी विचारलं, त्या सायकलींत आजोबांची ओळखू यायची का? तर म्हणाली, चेनचं कव्हर सैल होतं ना त्यांचं.