प्रॉप ८ वर 'नो' : मंडळाच्या दिवाळीत लोकांना कसं पटवू?

दापोलीची | १९ ऑक्टोबर २००८, रात्री

नमस्कार मंडळी. मी फ्रीमाँटला राहते. सिटिझन होऊन वर्षच झालंय, त्यामुळे राष्ट्राध्यक्षासाठी मत द्यायची ही पहिलीच वेळ. पोस्टाने मत द्यायचा बॅलट घरी येऊन पडलाय. ओबामा की मॅकेन यावर आमच्याकडे भांडण नाही, भांडण आहे ते प्रॉपोझिशन ८ वर, म्हणजे त्याच बॅलटवरच्या, कॅलिफोर्नियाची राज्यघटना बदलायच्या प्रस्तावावर.

कॅलिफोर्नियाबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. मे महिन्यात इथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना लग्न नाकारणं राज्यघटनेत बसत नाही. जूनच्या मध्यापासून लग्नं लागायला लागली. प्रॉप ८ पास झालं तर राज्यघटनेत एक ओळ घुसेल, की फक्त स्त्री-पुरुषाचंच लग्न वैध. म्हणजे 'यस' केलं की बंदी, 'नो' केलं की आज आहे तसं चालू. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या गल्लीतल्या एक काकू मला म्हणाल्या, "मी बाई त्या मुलांच्या बाजूची, मी यस करणार." पाच मिनिटं लागली समजावायला.

मी 'नो' करणार आहे. का, ते सांगते. मी एलिमेंटरी शाळेत एड, म्हणजे वर्गातली मदतनीस, आहे. शाळा सुरू झाली की घरून भरून आलेली इमर्जन्सी कार्डं लावून ठेवायचं काम माझ्याकडे असतं. त्यावर एक ओळ 'मदर'ची, एक 'फादर'ची. यंदा एका कार्डावर 'फादर' हा शब्द निळ्या पेनाने खोडून वर परत 'मदर' लिहिलं होतं, खाली दुसऱ्या बाईचं नाव आणि कामावरचा नंबर. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं, 'ताप आला तर आधी हिला फोन करा, हिचं ऑफिस जवळ आहे.' (मला आमच्या ह्यांच्या ऑफिसचा नंबर अजून पाठ नाही, ते सोडा.) ही मुलं वर्गात आहेतच. आठ नंबर पास झालं म्हणून ती कुठे जाणार नाहीत, फक्त त्यांच्या दोन आयांचं लग्न नाही असं राज्याने लिहून ठेवलेलं असेल.

आता अडचण अशी. येत्या शनिवारी मंडळाची दिवाळी. फराळाच्या टेबलाशी विषय निघणार हे नक्की, कारण टीव्हीवर दर दहा मिनिटांनी ती जाहिरात लागते, छोटी मुलगी शाळेतून येते आणि आईला सांगते की राजपुत्राचं राजपुत्राशी लग्न होतं असं आज शिकवलं. निम्मे लोक म्हणतात मुलं बिघडतील. उरलेले म्हणतात, "आपल्याला काय करायचंय? आपण बाहेरचे. ती ओळ कोरी सोडायची." मला या दुसऱ्यांचाच जास्त राग येतो. पण रागावून कुणाचं मत बदलत नाही, म्हणून विचारते. तुम्ही काय सांगता लोकांना?

मिलिंद_सॅनहोजे | २० ऑक्टोबर, सकाळी

ताई, मी 'यस' करणार आहे, आणि मी काही वाईट माणूस नाही, तेवढं आधी सांगतो.

२००० साली प्रॉप २२ वर मतदान झालं, ६१ टक्के लोकांनी सांगितलं की लग्न स्त्री-पुरुषाचंच. ते चार जज्जांनी उलटवलं. विरोधात तीन होते, म्हणजे एका माणसाच्या फरकाने. याला लोकशाही म्हणायचं का? शिवाय या लोकांना डोमेस्टिक पार्टनरशिप (लग्नाऐवजी राज्याकडे जोडपं म्हणून नोंदणी) आहे, राज्याचे जवळजवळ सगळे हक्क त्यात मिळतात. ओबामासुद्धा लग्न स्त्री-पुरुषाचंच मानतो.

आणि शाळेचं म्हणाल तर याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत पहिलीतली पोरं शाळेच्या वेळात त्यांच्या बाईंच्या लग्नाला सिटी हॉलमध्ये नेली. दुसऱ्या बाईशी लग्न. पेपरात फोटो आला. माझी मुलगी पहिलीत आहे. तिला काय सांगायचं ते मी ठरवणार, शाळा नाही.

जुनाखोड | २० ऑक्टोबर, दुपारी

मिलिंदराव, ओबामा लग्नाबद्दल तसं म्हणतो हे खरं, पण प्रॉप ८ ला त्याचा विरोध आहे. आपल्या गव्हर्नर श्वार्झनेगरचाही आहे, आणि तो तर रिपब्लिकन.

'लोकांनी ठरवलं' या मुद्द्यावर मात्र म्हाताऱ्याला थोडं बोलू द्या. या राज्यात लोकांनी मतपेटीतून काय काय ठरवलंय याचा इतिहास आहे, आणि त्यात आपणही येतो.

१९२० साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी भरघोस बहुमताने कायदा केला की ज्यांना सिटिझन होता येत नाही त्यांना शेतजमीन घेता येणार नाही, खंडानेसुद्धा नाही. रोख जपान्यांवर होता. तीन वर्षांनी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सांगितलं की हिंदुस्थानी माणसालाही सिटिझन होता येत नाही, आणि इंपिरिअल व्हॅलीतले पंजाबी शेतकरीही त्याच जाळ्यात आले. सिटिझन व्हायची वाट उघडली ती थेट १९४६ मध्ये.

लग्नाचं बघा. गोऱ्या माणसाने काळ्याशी किंवा 'मंगोलियन' (चिनी-जपानी वंशाच्या) माणसाशी लग्न करायला इथे कायद्याने बंदी होती. १९३३ मध्ये एक फिलिपिनो माणूस कोर्टात जिंकला की मी मंगोलियन नाही. तर विधिमंडळाने काय केलं? कायद्यात 'मलाय' हा शब्द वाढवला! त्या पंजाब्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. लायसन देणारा क्लार्क दोघांचे चेहरे बघायचा, रंग एकसारखा वाटला की शिक्का मारायचा. आपल्या लोकांचं लग्न एका कारकुनाच्या नजरेवर अवलंबून होतं. ती बंदी याच राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९४८ मध्ये पेरेझ खटल्यात उठवली. किती मतांनी? चार विरुद्ध तीन. म्हणजे एका माणसाच्या फरकाने. तेव्हा मतदान घेतलं असतं तर निकाल काय लागला असता ते तुम्हीच सांगा. या मेच्या निकालात चीफ जस्टिस जॉर्ज यांनी पेरेझचा आधार घेतलाय तो उगाच नाही.

आणखी एक. १९६४ मध्ये प्रॉप १४ आलं. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश बघून नकार द्यायला मनाई करणारा कायदा झाला होता, तो लोकांनी मतदानाने मोडीत काढला. जवळपास ६५ टक्के! १९६७ मध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने ते रद्द ठरवलं. मी १९६८ च्या पावसाळ्यात बर्कलीला शिकायला आलो. खोली शोधत हिंडताना कायदा माझ्या बाजूने होता, तो जज्जांमुळे. मतदारांवर सोडलं असतं तर दारावरची पाटी वाचून परत फिरलो असतो.

जाता जाता : यंदाचं राज्याचं बजेट सप्टेंबर संपत आला तरी अडकलं होतं, कारण त्याला दोन तृतीयांश मतं लागतात. शाळेसाठी पार्सल टॅक्स (घर-जमिनीवरचा कर) बसवायचा तर मतदारांची दोन तृतीयांश मतं लागतात. आणि राज्यघटनेतून कुणाचा हक्क काढायचा तर निम्म्यापेक्षा एक मत जास्त, की झालं. मला हे आयुष्यभर पटलेलं नाही. याच बॅलटवर प्रॉप २ आहे, कोंबड्यांना पंख पसरण्याएवढा पिंजरा द्या म्हणून. ते बहुतेक पास होईल. मीही यस करणार आहे त्यावर, पण गंमत बघा.

निनावी | २० ऑक्टोबर, रात्री

नेहमी नुसता वाचतो, आज लिहितो.

ऑगस्टमध्ये माझं लग्न झालं, काउंटी क्लार्कच्या ऑफिसात. बहिणीने नाशिकहून कुरिअरने मुंडावळ्या पाठवल्या. दोन्ही नवरदेवाच्या मागितल्यावर दुकानदार तिला म्हणाला म्हणे, "ताई, एक नवरीची लागते." ती म्हणाली, "असू दे, दोन द्या." आईला अजून सांगितलेलं नाही. तिकडे भारतात कलम ३७७ खाली समलिंगी संबंध अजून गुन्हाच आहे, दिल्ली हायकोर्टात नाझ फाउंडेशनची केस चालू आहे, तिचं काय होतं बघू.

लग्नाचा मला कागदोपत्री फायदा किती? नवरा अमेरिकन सिटिझन आहे, तरी तो माझ्यासाठी ग्रीन कार्डचा अर्ज करू शकत नाही, कारण १९९६ च्या केंद्राच्या कायद्याला आमचं लग्न दिसतच नाही. मी एच-१ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आहे. नोकरी गेली तर निघावं लागेल, लग्न असो नसो. इथल्या कुठल्याही देशी जोडप्यात एकाला एच-१ मिळाला की दुसऱ्याला एच-४ (जोडीदाराचा व्हिसा) मिळतो, तो विचारही आमच्यासाठी नाही. तेव्हा "सगळे हक्क आहेत, अजून काय पाहिजे" हे मिलिंद यांनी जरा जपून म्हणावं. आहे ते एवढंच आहे.

४ नोव्हेंबरनंतर आमचं लग्न राहील का? अ‍ॅटर्नी जनरल म्हणतो झालेली लग्नं टिकतील. वकिलांचं एकमत नाही. आम्ही दोघं ज्या वकिलाकडे गेलो तो म्हणाला, "वाट बघा."

मला मत नाही. तुम्हा सिटिझन लोकांना आहे. ती ओळ कोरी सोडणाऱ्यांना एवढं सांगा.

दापोलीची | २१ ऑक्टोबर, सकाळी

निनावी, तुझं आणि जावईबापूंचं अभिनंदन. 'तुझं' म्हटलं, राग मानू नकोस, माझा भाऊ असशील वयाने. शनिवारी जे 'आपण बाहेरचे' म्हणतील त्यांना मी हेच सांगणार आहे, नाव-गाव न घेता. चालेल ना?

मिलिंद, तुम्ही वाईट माणूस आहात असं मी म्हणणार नाही. पण त्या सहलीचं पूर्ण सांगा. ती पालकांनी ठरवली होती, बाईंना नकळत, आणि ज्यांना नको होतं त्यांची मुलं शाळेत थांबली. लैंगिक शिक्षणाचा तास असेल तरी इथे मुलाला त्यातून काढून घ्यायचा हक्क आईवडिलांना आहे, आजही आहे आणि आठ नंबर पडलं तरी राहणार. राज्याचे शिक्षण अधीक्षक जॅक ओकॉनेल स्वतः जाहिरातीत येऊन सांगताहेत की या प्रस्तावाचा शाळेशी संबंध नाही. मी वर्गात असते. पहिलीत आम्ही लग्न शिकवत नाही हो, बुटाची नाडी बांधायला शिकवतो.

लोकांनी ठरवण्याबद्दल माझं माहेरचं सांगते. मुरुड आमच्यापासून लांब नाही. १८९३ मध्ये अण्णा कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ पासून होता, म्हणजे सदतीस वर्षं कागदावर सगळं ठीक. तरी पुण्यात लग्न करून अण्णा मुरुडला गेले तेव्हा गावाने सभा घेतली आणि त्यांना वाळीत टाकलं. ती माणसंही राक्षस नव्हती, त्यांना वाटत होतं आपण धर्म राखतोय. त्या सभेला कायदा पुसायचा अधिकार असता तर त्यांनी हात वर करून पुसला असता, आणि 'बहुमताने' असंही लिहिलं असतं. आज मंडळात कर्व्यांवर भाषणं होतात, टाळ्या पडतात. शनिवारी अध्यक्षांना मी मुरुडच्या सभेची आठवण करून देणार आहे. आमचे हे म्हणतात, फराळ तरी खाऊ दे त्यांना आधी.

(आमचे हे अजून 'बघू' वर आहेत. बॅलट मी त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवलाय.)

मिलिंद_सॅनहोजे | २१ ऑक्टोबर, दुपारी

सहल पालकांनी ठरवली होती हे मला माहीत नव्हतं, जाहिरातीत तसं सांगत नाहीत. बाकी मत बदललेलं नाही. जज्जांनी लोकांच्या डोक्यावर बसू नये हे माझं म्हणणं कायम आहे. जुनाखोड काकांच्या १९४८ ला उत्तर शोधतोय, सापडलं की लिहितो. निनावी, तुमचं झालेलं लग्न मोडावं असं मला वाटत नाही, हे प्रामाणिकपणे.

ऋजुता_ओकलंड | २१ ऑक्टोबर, रात्री

मिलिंद, मग 'नो' करा की! झालेलं मोडू नये आणि पुढचं होऊ नये, असा चौकोन बॅलटवर नाही.

दापोलीची, मी तीन आठवडे 'नो'साठी फोन लावतेय, त्यातून एकच सांगते. देशी घरी फोन लागला की इतिहास, घटना, हक्क यातलं काही पहिल्या मिनिटात काढू नकोस. "तुमच्या ओळखीत असं कुणी आहे का?" एवढंच विचार आणि गप्प बस. बराच वेळ कुणी बोलत नाही, मग ऑफिसातला एखादा, नाहीतर भाचा निघतो. तुझ्या इमर्जन्सी कार्डाची गोष्ट तिथे चालेल. कर्व्यांची गोष्ट अध्यक्षांसाठी ठेव, ती बरोबर आहे.

आणि घाई कर. सप्टेंबरच्या फील्ड पोल या मतचाचणीत 'नो' ५५ आणि 'यस' ३८ होतं, म्हणून आपले लोक निवांत बसले. त्या जाहिराती सुरू झाल्यापासून तो फरक वितळतोय, फोनवर रोज जाणवतं.

पोस्टाने मत देणाऱ्यांनी नीट वाचा : पाकिटावर सही स्वतःची हवी, नवऱ्याच्या पाकिटावर बायकोची चालत नाही (आमच्या ओळखीत झालंय). बॅलट ४ तारखेला रात्री आठच्या आत पोचायला हवा, पोस्टाचा शिक्का ४ तारखेचा असून उपयोग नाही. पोस्टात टाकायला उशीर झाला तर त्या दिवशी आपल्या काउंटीतल्या कुठल्याही मतदान केंद्रावर हातोहात नेऊन द्या.